टँक म्हणजे तळं, टाकी की रणगाडा?

सर, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवता. उताऱ्यात 'टँक' हा शब्द रणगाडा या अर्थानं आला. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "आपल्या गावात पाण्याचा टँकर येतो, शाळेवर पाण्याची टँक आहे, मग लढाईतल्या गाडीलाही टँकच का म्हणतात?" तुम्ही सांगितलंत की हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग सारखं आहे. घरी आल्यावर मात्र मनात शंका राहिली. त्यात एका सहकाऱ्यानं ठामपणे सांगितलं, की हा मूळचा मराठी शब्द आहे, 'टाके' वरून इंग्रजांनी उचललेला. आता उद्या वर्गात काय सांगायचं, हे तुम्हाला हवंय.

मी नांदेडला असते. कागदपत्रांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्यात तीस वर्षांहून जास्त काळ गेला. त्यातलं बरंचसं काम पाटबंधारे, भूसंपादन आणि नगरपालिका यांचं. 'टँक' हा शब्द माझ्या टेबलावरून किती वेळा गेला असेल याची मोजदाद नाही. एकदा त्यानं मला चांगलंच अडचणीतही आणलं होतं, ते पुढे सांगते.

त्या मुलीला शाबासकी द्या. तिची शंका बरोबर आहे. हे दोन शब्द नाहीत, एकच आहे. पाण्याचा अर्थ आधीचा आणि रणगाड्याचा सुमारे तीनशे वर्षांनंतरचा. सहकाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते ज्या ठामपणानं सांगतात तेवढा ठामपणा या बाबतीत कुणालाच परवडणारा नाही. का, ते नीट सांगते.

एका शब्दाचे दोन अर्थ दिसले की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते. दोन्ही अर्थ एकाच बियाण्याचे आहेत, की दोन वेगळी रोपं वाढता वाढता एकमेकांसारखी दिसायला लागली? 'बॅट' घ्या. वेरूळच्या लेण्यांत छताला लटकणारं वटवाघूळ म्हणजे बॅट आणि पोरांच्या हातातली फळी म्हणजेही बॅट. ही दोन वेगळी रोपं आहेत. वटवाघळाचं जुनं इंग्रजी नाव 'बक्के' असं होतं, ते बोलता बोलता बदलून 'बॅट' झालं. फळीची बॅट आली सोट्यासाठी असलेल्या वेगळ्या जुन्या शब्दावरून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुम्ही वर्गात सांगितलंत ते उत्तर 'बॅट'ला अगदी चपखल बसतं, 'टँक'ला नाही.

मराठीतलं उदाहरण मुलांना आणखी लवकर कळेल. दवाखान्यात जखमेला घालतात ते टाके, आणि किल्ल्यावर पाणी साठवायला कातळात खोदलेलं तेही टाके. ऐकायला एकच. पण एका टाक्याचं मूळ शिवण्यात आहे आणि दुसऱ्याचं पाण्यात. पाथरवटाच्या हातातली टाकी तिसरीच, तिचं पाण्याच्या टाक्याशी नातं काही अभ्यासक जोडतात, ते पुढे येईल. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण ऐकताना छतावरची पाण्याची टाकी कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. मुलांना ही तिन्ही उदाहरणं द्या, मग 'टँक'कडे वळा.

आता रणगाडा. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर दोन्ही सैन्यं खंदकांत रुतून बसली होती. काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे माणूस पुढे सरकू शकत नव्हता. १९१५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एक समिती नेमली गेली. तिचं नाव होतं 'लँडशिप्स कमिटी', म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या जहाजांची समिती. त्यामागे विन्स्टन चर्चिल होते आणि ते तेव्हा आरमाराचे मंत्री होते, म्हणून हे आरमारी नाव. लिंकन शहरातल्या फॉस्टर कंपनीत पोलादी पत्रे रिव्हेटनं जोडून, पट्ट्यांवर चालणारी एक अवजड गाडी तयार होऊ लागली. एवढी मोठी वस्तू लपवणार कशी? आणि 'लँडशिप' असं कागदावर लिहिलं तर शत्रूला गुपित आपणच सांगितल्यासारखं. मग बाहेर सांगितलं गेलं, की या मेसोपोटेमियाला पाठवायच्या पाणी वाहून नेणाऱ्या गाड्या आहेत. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. तिथे तेव्हा ब्रिटिशांची हिंदी फौज लढत होती, त्यात मराठा पलटणीही होत्या. वाळवंटात पाण्याची गरज कुणालाही पटेल, त्यामुळे ही थाप खपून गेली.

पण 'वॉटर कॅरिअर' हे नाव कागदोपत्री चालेना, कारण त्याची आद्याक्षरं होतात डब्ल्यू. सी., म्हणजे इंग्रजीत संडास. तेव्हा दुसरं साधं नाव शोधलं गेलं आणि १९१५ च्या डिसेंबरात 'टँक' हे ठरलं. पोलादी पत्र्यांची भलीमोठी पेटी बघणाऱ्याला ते नाव पटण्यासारखंही होतं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत फ्लेर-कुर्सलेत इथे या गाड्या पहिल्यांदा रणात उतरल्या. गुपित फुटलं, पण नाव सैनिकांच्या तोंडी बसलं ते बसलंच. खोटं सांगण्यासाठी घेतलेलं नाव खरं होऊन गेलं. जर्मनांनी 'पान्झर' म्हणजे चिलखत हा आपला शब्द वापरला, फ्रेंचांनी 'शार' म्हणजे रथ. रशियनांनी मात्र 'टँक'च ठेवला. आपण 'रणगाडा' केला. मला हा शब्द फार आवडतो. त्यात पाण्याची थाप नाही, गाडी काय काम करते ते सरळ सांगितलंय.

इथे थोडं विषयांतर करते, कारण तुमची शाळा मराठवाड्यातली आहे आणि हे मुलांना पुस्तकात सापडणार नाही. टँकचे दोन्ही अर्थ ज्या एका जागी भेटतात ती जागा आपल्याकडे आहे, नळदुर्ग. बोरी नदीवर किल्ल्याच्या पोटात जो बंधारा आहे, ज्यात पाणीमहाल आहे आणि ज्यावरून पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, तो इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १७ व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. त्याच सुमारास सुरतेत वखार घालणारे इंग्रज 'टँक' हा शब्द शिकत होते. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अॅक्शन सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून निघालेली भारतीय लष्कराची चिलखती डिव्हिजन हैदराबादच्या रस्त्यानं पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली. माझं आजोळ त्याच रस्त्यालगतचं. आजीनं ते रणगाडे कुडाच्या फटीतून पाहिले होते. तिच्याकडे 'टँक' हा शब्द नव्हता आणि 'रणगाडा'ही नव्हता. ती म्हणायची, "लोखंडाची घरं चालत आली, भुई थरथरत होती." रझाकारांच्या भीतीनं महिनोन्महिने दार बंद करून बसलेल्या बाईला त्या आवाजानं धीर आला, हेही ती प्रत्येक वेळी सांगायची. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला तुम्ही मुलांशी बोलाल तेव्हा हे जरूर सांगा.

आता पाण्याकडे. या शब्दाचा इंग्रजीतला पहिला अर्थ टाकी नव्हता, तळं होता. हे फार कमी जणांना माहीत असतं, आणि माझ्या कामात सगळ्यात जास्त घोळ इथेच झाला.

१६१० नंतरच्या दशकात भारतात आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात 'टँक' दिसू लागतो, आणि तो वापरलेला असतो तलाव, बांधीव कुंड, पावसाचं पाणी अडवून केलेलं तळं यांसाठी. द्रव साठवायचं मोठं भांडं हा अर्थ त्याच शतकात पुढे आला. पेट्रोलची टाकी, माशांची काचेची पेटी हे सगळं त्यानंतरचं. अमेरिकेत पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. तिथे घालायच्या पोशाखावरून बिनबाह्यांच्या बनियनला 'टँक टॉप' नाव पडलं. तुमच्या आठवीतल्या मुलांना हे ऐकून मजा वाटेल, कारण त्यांच्यापैकी अर्ध्यांना वाटत असेल की ते नाव लष्करावरून आलंय.

इंग्लंडमध्ये तळ्याचा अर्थ मागे पडला, पण भारतातल्या सरकारी इंग्रजीत तो आजही जिवंत आहे. हैदराबादचा टँक बंड पाहिलेल्यांना आठवेल, हुसेनसागर तलावाच्या बांधाला ते नाव आहे. तिथे टाकी कुठेच नाही. आपला 'पाझर तलाव' म्हणजे इंग्रजी कागदावरचा 'परकोलेशन टँक'. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात गावोगाव माणसं माती उपसायला गेली ती याच तलावांच्या कामांवर.

माझी चूक इथेच झाली. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. भूसंपादनाचा एक इंग्रजी निवाडा भाषांतराला आला. त्यात एका शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल लिहिलं होतं, की अमुक इतके गुंठे 'टँक'खाली गेले. मी सरळ 'टाकीखाली' असं लिहून मोकळी झाले. माझ्या डोळ्यापुढे गावची उंच टाकी होती, चार खांबांवरची. शेतकरी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आमच्या गावात टाकीच नाही. माझी जमीन तळ्यात बुडाली, टाकीखाली कशी जाईल? साहेब म्हणतात कागदात टाकी आहे तर टाकी दाखव." त्याची मोबदल्याची तारीख पुढे गेली. मी दुरुस्तीचं पत्र दिलं, पण त्याला त्यासाठी तीन खेपा कराव्या लागल्या. पाचवीला जाणाऱ्या पोराला बरोबर घेऊन तो एसटीनं यायचा. ती गोष्ट मनातून गेली नाही. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबते आणि विचारते, पाणी कशात आहे? मातीच्या बांधामागे असेल तर तलाव, बुडीत क्षेत्र, सांडवा ही भाषा. नगरपालिकेच्या कागदात खांबांवर असेल तर टाकी किंवा जलकुंभ. लेण्यांच्या वर्णनात कातळात असेल तर टाके किंवा कुंड. आणि पाणीच नसेल, तर मग पुढे-मागे तोफ आहे का ते बघायचं.

म्हणजे कोणता अर्थ घ्यायचा हे शब्दावर नाही, कागद कुठल्या खात्याचा आहे त्यावर ठरतं. मुलांना शब्दकोशातला पहिला अर्थ पाठ करायला लावू नका, आजूबाजूचं वाक्य वाचायला लावा.

आता सहकाऱ्यांचा मुद्दा, 'मूळ मराठीच'. इथे जरा सावकाश जाऊ.

मराठीत टाके आहे, मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात तो शब्द पाण्याच्या साठ्यासाठी दिलेला आहे. गुजरातीत टांकुं आहे. राजस्थानात अंगणात पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली खोदतात तो टांका. इंग्रज पहिल्यांदा उतरले सुरतेला, म्हणजे त्यांच्या कानावर गुजराती रूप पडलं असण्याची शक्यता जास्त. इंग्रजीचे मोठे कोशही गुजराती आणि मराठी ही दोन्ही नावं एकत्र देतात. तेव्हा फक्त मराठीचा दावा सांगणं शेजाऱ्यावर अन्याय करणारं आहे.

दुसरी बाजू पोर्तुगीजांची. त्यांच्या भाषेत 'तांक' म्हणजे तळं, हौद. तो आला 'पाणी अडवणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून, आणि ते लॅटिनच्या घराण्यातलं आहे. पोर्तुगीज इंग्रजांच्या शंभर वर्षं आधी इथे आले. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतात, १४९८ साली, कालिकतच्या देवळाजवळच्या बांधीव तळ्याला हाच शब्द वापरलेला आहे. नुकतेच किनाऱ्याला लागलेले लोक तो शब्द इतक्या सहज वापरतात, म्हणजे तो ते घरूनच घेऊन आले असणार, असा युक्तिवाद केला जातो आणि तो वजनदार आहे. यावरून काही जण तर म्हणतात, की आपल्याकडचा टाकेच पोर्तुगीजांकडून आला. आपण चावी, पगार, बादली त्यांच्याकडून घेतलेच आहेत, मग टाकी का नाही?

मला स्वतःला हे शेवटचं टोक पटत नाही. चावी-पगार हे शब्द किनाऱ्यावरून, नोकरी-व्यापारातून आत आले. पण राजस्थानच्या वाळवंटातल्या बाईनं आपल्या अंगणातल्या खड्ड्याला नाव द्यायला गोव्याकडे बघितलं असेल हे मनाला येत नाही. शिवाय संस्कृतात 'टंक' म्हणजे छिन्नी. टाकीनं खोदलं ते टाकं, असं नातं जोडणारे अभ्यासक आहेत. काही जण 'तडाग' या तलावाच्या शब्दाकडे बोट दाखवतात. यातलं कुठलं खरं हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

सर, इथे दोन सापळे आहेत आणि मी त्या दोन्हींत अडकलेली माणसं पाहिली आहेत. पहिला उच्चाराचा. कुणी म्हणेल, टाके मधे 'ट' आहे, पोर्तुगीज 'त' म्हणतात, म्हणजे शब्द आपलाच. पण तंबाखू आणि बटाटा दोन्ही पोर्तुगीजांच्या हातून आलेले. एकात आपण 'त' ठेवला आणि दुसऱ्यात 'ट' केला. एका अक्षरावर निकाल देता येत नाही. दुसरा सापळा वस्तूचा. अजिंठा-वेरूळला, पितळखोऱ्याला कातळात पाण्याची कुंडं आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसं ती खोदत आली, म्हणून टाके हा शब्दही तितकाच जुना असं वाटतं. पण कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राकृत दानलेखांत अशा कुंडाला 'पोढी' म्हटलंय. वस्तू तीच, शब्द वेगळा. वस्तूचं वय शब्दाला लावता येत नाही.

मराठवाड्यात तर पाण्याला नावांची वाण कधीच नव्हती. पाण्याची वाण होती, नावांची नव्हे. आड, विहीर, बारव, कुंड, तळं, रांजण. निजामाच्या राज्यात राहिल्यामुळे अरबी-फारसीचा हौद आणि नहर. देवगिरीच्या किल्ल्यात हत्ती हौद आहे, संभाजीनगरच्या पाणचक्कीपुढेही हौदच आहे, त्याला कुणी टाकी म्हणत नाही. टाकी आपल्या तोंडी जास्त आली ती नळयोजनांबरोबर. आणि टँकर आला तो दुष्काळाबरोबर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. स्टेशनावर त्या वाघिणी बघायला मीही गेले होते. गोल पोटाच्या पोलादी टाक्या एकामागे एक उभ्या होत्या. लिंकनच्या कारखान्याबद्दल १९१५ साली जे खोटं म्हणून सांगितलं गेलं होतं, पाणी वाहणाऱ्या पोलादी गाड्या, ते माझ्यापुढे खरं उभं होतं आणि लोक हात जोडत होते.

तर वर्गात सांगताना असं सांगता येईल: शब्द एकच. आधी तळं, मग टाकी, मग गुपित लपवायला घेतलेलं रणगाड्याचं नाव. इंग्रजांनी तो भारतात, बहुधा गुजराती-मराठीच्या तोंडून उचलला, आणि पोर्तुगीजांच्या तशाच दिसणाऱ्या शब्दानं त्याला आधार दिला. 'बहुधा' हा शब्द गाळू नका. आठवीतल्या मुलांना 'बहुधा' झेपतो. आणि आधी दिलेलं उत्तर बदलायचं तर ते उघडपणे बदला. ज्या मुलीनं विचारलं तिला तिचं श्रेय त्यानं मिळेल.

मग त्यांना एक काम द्या. तुमच्या तालुक्यात एखादा पाझर तलाव नक्की असेल. त्याच्या बांधापाशी किंवा जवळच्या रस्त्यावर पाटी असेल तर तिच्यावर मराठीत काय लिहिलंय आणि इंग्रजीत काय, ते वहीत उतरवून आणायला सांगा. गावातल्या टाकीवरचंही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायला सांगा, की पाणी ज्यात साठतं त्याला त्यांच्या लहानपणी काय काय म्हणायचे. त्या वह्यांत जे शब्द येतील त्यातले दोन-चार तरी माझ्याकडच्या एकाही कोशात नसतील. जमलं तर मला इथेच कळवा. मी ती यादी जपून ठेवीन, पुढच्या निवाड्यात लागेल.